सगळ्यात देखणा आकडा

पत्र थोडक्यात असं : नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं मशीन शॉप. डीपीवरून, म्हणजे महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवरून, आलेलं थ्री फेज लघुदाब कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर नाही. पत्रलेखक ३१ वर्षांचे, परवानाधारक वायरमन. नुकताच त्यांनी स्वतःच्या पैशांनी लूप टेस्टर घेतला आहे. बिघाडाचा करंट फेजमधून अर्थकडे जाऊन ट्रान्सफॉर्मरपर्यंत परततो, त्या पूर्ण फेऱ्याचा (लूपचा) रोध मोजणारं हे मीटर. मालकाला एका मोठ्या कंपनीच्या ऑडिटसाठी अर्थिंगचा रिपोर्ट हवा आहे. मेन पॅनेलच्या इनकमरवर (सप्लाय आत येतो त्या स्विचवर) सकाळी अकराला हाय करंट मोडवर तीन फेजांचे आर २.८४, वाय ३.१२, बी २.८७ ओहम असे आकडे आले. नंतर कमी करंटच्या नो-ट्रिप मोडवर ३.४, २.६, ४.० आले आणि पुन्हा घेतले तर २.७, ३.८, ३.१. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर हाय करंट मोडवर २.८१, २.९५, २.८३. मागच्या बाजूच्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) त्याच वेळी ०.५८, ०.७१, ०.५९. मालक म्हणतात, अर्थिंगचा नवा खड्डा मारा आणि रिपोर्टवर एक ओहम लिहा. ज्येष्ठ वायरमन काका म्हणतात, मीटर भंगारात द्या, फेज आणि अर्थमध्ये लावलेला सीरिज लॅम्प फुल पेटतोय म्हणजे अर्थिंग उत्तम. पत्रलेखकाचा प्रश्न : मीटर खराब, अर्थिंग खराब की मीच खराब? आणि रिपोर्टवर कुठला आकडा लिहू? जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे की सीएनसीच्या ऑपरेटरला कधी कधी हाताला मुंग्या येतात, पण काकांच्या मते ते ‘स्टॅटिक’ आहे.

*

तुमच्या तीन पर्यायांपैकी एकही निवडायची माझी तयारी नाही. तुम्ही आकडे वेळेसकट, मोडसकट लिहून ठेवलेत, तेव्हा ‘मी खराब’ हा पर्याय तर आधीच बाद. पण उत्तराला सुरुवात करतो ती तुम्ही शेवटच्या ओळीत ‘जाता जाता’ लिहिलेल्या गोष्टीपासून, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. ते सीएनसी बंद करा. हे वाचून होताच मालकांना फोन करा. का, ते सांगतो.

तुम्हाला सीएनसीवरचा ०.५८ सगळ्यात चांगला वाटला. ‘निदान तिथे तरी अर्थिंग मस्त आहे’ असं तुम्ही लिहिलंय. मला मात्र संपूर्ण पत्रात हाच आकडा सगळ्यात वाईट वाटतो. साधा हिशेब करा. मेन पॅनेलवर लूप २.८. सीएनसी तिथून पुढे, पंचवीस-तीस मीटर केबल ओलांडून. तिथला लूप म्हणजे पॅनेलचा लूप, अधिक तेवढ्या अंतराची फेजची वायर, अधिक तेवढ्या अंतराची अर्थची वायर. तो २.८ पेक्षा थोडा जास्तच यायला हवा. दोन ओहम कमी कसा होईल? मशीनला वेगळा खड्डा आहे म्हणून? मग करंटला त्या खड्ड्यातून मातीत जाऊन डीपीच्या न्यूट्रलच्या खड्ड्यातून वर यावं लागेल. नाशिकच्या मुरमातून आणि काळ्या खडकातून ०.५८ ओहममध्ये ये-जा होत नाही. करंट तांब्यातूनच परत जातोय, आणि डीपीकडे परत जाणारं तांबं तुमच्याकडे एकच आहे : न्यूट्रल.

म्हणजे त्या मशीनमध्ये, बहुधा स्टॅबिलायझरच्या डब्यात, कुणीतरी न्यूट्रल बॉडीला बांधून ठेवलाय. पण गोष्ट इथे संपत नाही. नुसता न्यूट्रल बांधला असता आणि मशीनची अर्थ पट्टी पॅनेलच्या अर्थ बारपर्यंत शाबूत असती, तर पॅनेलवरही लूप कमीच आला असता. अर्थ बारवरून पट्टीने मशीनपर्यंत, तिथून न्यूट्रलने परत, असा रस्ता करंटला मिळाला असता. तो मिळत नाहीये. पॅनेल २.८ वर आणि मशीन ०.५८ वर, हे दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर पट्टी मध्ये कुठेतरी तुटलेली आहे किंवा कधी जोडलीच नव्हती. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, हे १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आलंय. तुमच्या मशीनला दोन पट्ट्या दिसत असतील, तर दोन्ही दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपत जा. माझी पैज आहे की एक फरशीखाली गंजलेली असेल आणि दुसरी नुसतीच भिंतीला टेकलेली.

आता मुंग्यांचं. न्यूट्रलमधून असमतोलाचे तीस-चाळीस अँपिअर वाहत असतील आणि डीपीपर्यंतच्या न्यूट्रलचा रोध पाव ओहमच्या आसपास असेल, तर मशीनच्या बॉडीवर कायम दहाएक व्होल्ट बसलेले असतात. कोरड्या हाताला ते कळत नाहीत, कूलंटने भिजलेल्या हाताला कळू शकतात. काकांचं ‘स्टॅटिक’ ते बहुधा हेच. आणि हा चांगला दिवस झाला. ज्या दिवशी मशीनच्या मागचा न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी मशीनवरचा दिवा, कंट्रोलचा सप्लाय, जे काही एका फेजवर चालतं त्या सगळ्यातून २३० व्होल्ट सरळ बॉडीवर येतील. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप सप्लाय तोडते ती) पडणार नाही, कारण तिच्या लेखी काही बिघडलेलंच नसेल.

एक शंका तुमच्या बाजूने. सीएनसीच्या आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल, त्याच्या सेकंडरीचा (पुढच्या बाजूचा) स्टार पॉइंट, म्हणजे न्यूट्रलचं टोक, तिथेच अर्थ केलेला असेल आणि तुम्ही त्याच्या पुढे मोजलं असेल, तर ०.५८ हा रास्त आकडा आहे. मात्र तो त्या ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या लूपचा झाला, तुमच्या खड्ड्याशी त्याचा काही संबंध नाही. पण मला हे पटत नाही, कारण तुमचा वाय फेज. संध्याकाळी पॅनेलवर वाय बाकी दोघांपेक्षा ०.१३ ने जास्त होता, आणि सीएनसीवरही ०.१३ नेच जास्त आहे. मध्ये डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर असता तर एका फेजचा दोष असा जसाच्या तसा पलीकडे उतरला नसता, दोन फेजांत वाटला गेला असता.

खात्री करायची ती बंद सप्लायवर. मशीनच्या इनकमरचे चारही पोल उघडा, म्हणजे न्यूट्रलसकट, आणि कुलूप लावा. मग मल्टिमीटरने मशीनची बॉडी ते मेन पॅनेलचा अर्थ बार बघा, एक ओहमच्या आतच आलं पाहिजे. नंतर मशीनच्या बाजूचा न्यूट्रल ते बॉडी बघा, तिथे बीप वाजता कामा नये. पहिल्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात बीप, असं निघालं तर आधी पट्टी जोडा, मगच न्यूट्रलची लिंक काढा. उलट क्रमाने केलंत आणि मध्ये कुणी मशीन चालू केलं तर बॉडी पूर्ण अधांतरी राहील.

सीएनसी बाजूला ठेवून आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तुमच्या पत्रात ‘आकडे बदलतात’ ही एकच तक्रार आहे. पण बदल दोन प्रकारचे आहेत आणि तुम्ही ते एकाच पिशवीत भरलेत. एक, दर वेळी वेगळा येणारा आकडा. दुसरा, दर फेजला वेगळा येणारा आकडा. पहिल्याचं कारण मोजण्यात असतं, दुसऱ्याचं तारेत.

नो-ट्रिप मोड घ्या. लूप टेस्टर काय करतो? आधी व्होल्टेज बघतो, मग स्वतः थोडा करंट खेचतो, पुन्हा व्होल्टेज बघतो आणि जे पडलं त्याला करंटने भागतो. हाय करंट मोडवर करंट वीसेक अँपिअर असतो. २.८ ओहमवर व्होल्टेज छपन्न व्होल्टने पडतं. ते डोळ्यात भरण्याजोगं. नो-ट्रिपमध्ये आरसीसीबी (अर्थकडे करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पडू नये म्हणून करंट पंधरा मिलिअँपिअरच्या आसपास ठेवतात, आणि मग २.८ ओहमवर पडतात ते बेचाळीस मिलिव्होल्ट. २३० व्होल्टच्या पोटात बेचाळीस मिलिव्होल्ट शोधायचे, आणि तेही शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना आणि तुमचा कंप्रेसर दर चार मिनिटांनी उचल घेत असताना! सप्लाय नुसता एक व्होल्ट हलला तरी तो त्या खुणेच्या वीसपट मोठा. म्हणून टेस्टर दहा-पंधरा सेकंद सरासरी काढत बसतो आणि तरीही कधी २.६ देतो, कधी ४.०. मीटर खोटं बोलत नाहीये, त्याला गोंगाटात कानगोष्ट ऐकायला सांगितलीय. तुमच्याकडे आरसीसीबी नाहीच, मग नो-ट्रिप कशाला? ‘तो मोड सुरक्षित’ असं तुम्ही ऐकलंय. तो आरसीसीबीसाठी सुरक्षित, तुमच्यासाठी नव्हे. ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांनी शक्यतो त्याच्या आधीच्या टर्मिनलवर हाय करंटने मोजावं आणि पुढचा भाग बंद सप्लायवर कंटिन्युटीने मोजून त्यात मिळवावा. नो-ट्रिप वापरावाच लागला तर वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी पाच वेळा घ्यावा. पाचही आकडे कधी वर, कधी खाली असे विखुरले असतील तर तो गोंगाट. दर वेळी एकाच दिशेने सरकत असतील तर मात्र तारेत काहीतरी असू शकतं.

(लीड झिरो करणं, क्लिप रंगावर न लावता खरवडलेल्या धातूवर लावणं, हे तुम्ही करत असालच. २.८ मध्ये त्याचा फरक जाणवत नाही, अर्ध्या ओहमच्या लूपमध्ये जाणवतो.)

आणि वाय फेज. पत्रातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य हे : ‘वायचं अर्थिंग कमी पडतंय का?’ हसू नका, हा प्रश्न मी स्वतः विचारलाय, आणि त्यासाठी दुसऱ्याचे पैसेही घालवलेत. नोकरीतली पहिली-दुसरी वर्षं. एका तेलाच्या घाण्यावर एका फेजचा लूप जास्त येत होता. मी ऐटीत सांगितलं, खड्डा सुकलाय. नवा खड्डा झाला, कोळसा-मीठ झालं, चेंबरवर तारीखसुद्धा रंगवली. फेजचा आकडा होता तिथेच. दोन महिन्यांनी चेंजओव्हर स्विचमधून (लाइट आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या) बॅकेलाइट जळल्याचा वास आला. उघडलं तर मधलं पातं निळं-काळं पडलेलं, आणि ज्या जबड्यात ते बसायचं तो इतका सैल की पातं बोटाने हलत होतं. मालक भला माणूस, काही बोलला नाही. खड्ड्याकडे बघून नुसता हसला.

तिन्ही फेजना अर्थ एकच असतो. तोच बार, तीच पट्टी, तोच खड्डा, डीपीचा तोच न्यूट्रल. लूपचा हा अर्धा भाग तिघांत समाईक आहे. म्हणून अर्थ बिघडलं तर तिन्ही आकडे एकत्र वर जातात. एकच फेज वर गेला तर दोष त्या फेजच्या वाट्याला असलेल्या अर्ध्या भागात : डीपीचा फ्यूज, खांबावरचा जॉइंट, सर्व्हिस केबलची लग, मीटरचं टर्मिनल, चेंजओव्हर. तुमच्या आकड्यांत पुरावा आयता आहे. पॅनेलवर करंट मातीतून परत जात होता, सीएनसीवर न्यूट्रलमधून. परतीचा रस्ता पार बदलला, तरी वायचा फरक ०.१३ चा ०.१३ च राहिला. म्हणजे तो परतीच्या रस्त्यात नव्हताच.

आणखी एक चाचणी तुम्ही घेतलेली नाही, ती घ्या : इनकमरवर फेज-न्यूट्रल लूप. तिथे माती नसते, आकडा लहान येतो आणि फरक लपत नाही. २.८ आणि ३.१ मधला फरक मीटरच्या अचूकतेच्या हद्दीत बुडू शकतो. पण ०.३, ०.५७, ०.३ असं आलं तर वाद संपला. मग भर कामाच्या वेळी, लोड असताना, चेंजओव्हरच्या वाय पात्याच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, शेजारच्या दोन पात्यांशी ताडून. चांगल्या जोडाला काही मिलिव्होल्ट पडतात, वाईट जोडाला व्होल्टमध्ये. सकाळच्या तुमच्या आकड्यांत वायचा जादा रोध पाव ओहमच्या थोडा वर आहे. तीस अँपिअर वाहत असतील तर पाऊण-एक इंचाच्या त्या जागी सव्वादोनशे वॅट उष्णता तयार होतेय. संध्याकाळी लोड गेला, जोड थंड झाला, रोध निम्म्यावर आला. सकाळ-संध्याकाळ वायचा आकडा बदलला तो बहुधा यामुळे. हे काम जिवंत सप्लायवरचं आहे, तेव्हा प्रोब योग्य कॅटेगरीचे हवेत, हातमोजे हवेत आणि सोबत माणूस हवा.

तिथे काही मिळालं नाही तर वीज मीटरचं सील तोडायच्या भानगडीत पडू नका. शेजारच्या शेडवाल्याला विचारून त्याच्या इनकमरवर तीन आकडे घ्या. त्याचाही वाय वर असेल तर दोष डीपीकडे, महावितरणकडे लेखी तक्रार द्या, आकडे जोडून. त्याचे तिन्ही समान असतील तर दोष तुमच्याच सर्व्हिस केबलमध्ये किंवा मीटरच्या डब्यात आहे. मीटरसाठीही त्यांनाच बोलवायचं.

आता मालकांचा खड्डा आणि तो एक ओहम. हा आकडा आपल्याकडे मंत्रासारखा म्हटला जातो, कशासाठी ते कुणी सांगत नाही. तुम्ही मालकांना भागाकार दाखवा. २३० ला २.८ ने भागलं की ८२ अँपिअर. मशीनला सी टाइप ३२ अँपिअरची एमसीबी आहे, ती लगेच पडायची खात्री ३२० अँपिअरला, म्हणजे दहापट करंटला. ८२ अँपिअरवर ती गरम होऊन पडेल, एका सेकंदापासून एका मिनिटापर्यंत कधीही, आणि तोवर बॉडीवर शंभरावर व्होल्ट असू शकतात. बरं, नव्या खड्ड्याने लूप दीडवर आणलात, तर १५३ अँपिअर. तरी अर्ध्यावरच. ३२० अँपिअरसाठी पूर्ण लूप ०.७२ च्या आत लागतो, आणि त्यात डीपीचा खड्डाही मोजला जातो, जो तुमच्या हातात नाही. डीपीवरून सप्लाय घेणाऱ्या आणि स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असणाऱ्या जवळपास प्रत्येकाची हीच अवस्था आहे. मातीवर विसंबून एमसीबी पाडायची अपेक्षाच चुकीची.

तिथे आरसीसीबी लागतो. ३०० मिलिअँपिअरचा चार पोली घेतलात तर बॉडीवर पन्नास व्होल्टच्या वर जाऊ न देण्यासाठी खड्डा १६७ ओहमपर्यंत चालतो. तुमचा तीनच्या आत आहे. म्हणजे आरसीसीबी असेल तर आजचा खड्डा भरपूर, आणि नसेल तर नवा खड्डाही अपुरा. सॉकेट आणि हातातल्या ग्राइंडरसाठी ३० मिलिअँपिअरचा वेगळा. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) असलेल्या मशीनना एकाच आरसीसीबीवर गर्दी करू नका. त्यांच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमीच चालू असते, ती बेरजेत पडून तो विनाकारण पडत राहील आणि मग कुणीतरी वैतागून बायपास करेल. ड्राइव्हसाठी कुठल्या टाइपचा घ्यायचा ते ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आणि हो, आरसीसीबी बसवलात आणि अर्थ पट्टी शाबूत असेल, तर सीएनसीतल्यासारखी न्यूट्रल-बॉडी गाठ तुम्हाला शोधत बसावी लागणार नाही, लोड येताच तो बहुधा पडेल.

खड्ड्याचा आकडा ऑडिटला हवाच असेल तर तो लूप टेस्टरचा लिहू नका. तो अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या ठोकून घ्यायचा. दूरची खुंटी जितक्या अंतरावर, त्याच्या बासष्ट टक्क्यांवर मधली. चाचणीसाठी खड्ड्याची लिंक सोडावी लागते, म्हणून संपूर्ण शॉपचा सप्लाय बंद असतानाच. तो आकडा २.८ पेक्षा कमीच येईल, कारण २.८ मध्ये डीपीचा खड्डा आणि फेजची तारही आहे. रिपोर्टवर तारीख ठळक लिहा. मे महिन्यातला मुरूम आणि ऑगस्टमधला मुरूम एक नसतो.

लूपचे आकडे मात्र तुमच्या वहीत आहेत तसेच जाऊ द्या : जागा, वेळ, मोड, त्या वेळचं व्होल्टेज, लोड होता की नव्हता. एक ओहम लिहायचा आग्रह झाला तर मालकांना सांगा की खाली सही तुमची आहे आणि परवाना क्रमांकही तुमचाच. ऑडिटवाल्याला २.८ आणि त्याशेजारी आरसीसीबीच्या चाचणीचा निकाल दिसला तर तो काही म्हणायचा नाही. जाणकार असेल तर एक ओहमवरच भुवया उंचावेल.

काकांचं काय? सीरिज लॅम्प शंभर वॅटचा, खेचतो अर्धा अँपिअरसुद्धा नाही. खड्डा तीस ओहमचा असला तरी त्यात बारा-तेरा व्होल्ट पडतात. २३० च्या जागी २१७ वर पेटलेला दिवा कुणाच्या डोळ्याला मंद दिसेल? दिवा एवढंच सांगतो की अर्थ आहे. कितपत आहे, ते नाही. पण हे त्यांना चार माणसांत सांगू नका. चेंजओव्हर उघडायच्या वेळी त्यांनाच पुढे करा. सैल जबडा बोटाने ओळखण्यात त्यांचा हात तुमच्या मीटरपेक्षा जुना आहे. फेज-न्यूट्रलचे तीन आकडे आणि चेंजओव्हरवरचे व्होल्ट मला कळवा, पण सीएनसीच्या पट्टीचं काम झाल्यावरच.